ट्रेक तुमचा, दमछाक त्याची

गुरुवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘रविवारी कुठे?’ मग अर्धा तास वादावादी होते, दोघं-तिघं ऐन वेळी गळतात आणि शेवटी कुणीतरी लिहितं, ‘ए, तुझ्या टिप्याला पण आण ना. कसली भारी रील होईल!’ त्यावर धडाधड बदाम पडतात. प्लॅन पक्का. टिप्याला मात्र कुणीच विचारत नाही.

तुम्हाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. माझ्याकडूनही हेच झालंय. टिप्या आमच्या सोसायटीच्या गेटजवळ सापडलेला गावठी, तीन वर्षांचा, अंगात नुसती मस्ती. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही त्याला सिंहगडावर न्यायचं ठरवलं. सकाळी सहाला निघायचं होतं. एक जण उठलाच नाही, मग चहा, मग पेट्रोल. आतकरवाडीतून पायवाटेला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पहिला चढ टिप्या आमच्यापुढे धावत चढला. आम्ही खूश, मोबाइल सुरू. अर्ध्या वाटेवर तो एका झुडपाखाली जाऊन बसला तो उठेचना. जीभ लांब बाहेर, धाप थांबत नाही, तोंडातून चिकट लाळ. ‘नाटकं करतोय’ म्हणून मी पट्टा ओढला. हो, ओढला.

तिथं ताक विकायला बसलेल्या मावशी उठून आल्या. म्हणाल्या, ‘पोरांनो, तुमच्या पायात बूट हायेत. त्याच्या पायात काय हाये?’ मी दगडावर हात टेकवून पाहिला आणि झटकन मागे घेतला. मावशींनी त्याला आपल्या पालाच्या सावलीत घेतलं, पोटावर आणि पायांवर पाणी ओतलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. तासाभरानं तो उभा राहिला. आम्ही तिथूनच खाली उतरलो आणि थेट डॉक्टर गाठले. टिप्या वाचला. पण ‘अजून अर्धा तास उशीर झाला असता तर...’ हे डॉक्टरांचं अर्धवट वाक्य अजून माझ्या कानात आहे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कुत्र्याला डोंगरात न्यायला काहीच हरकत नाही. पण आपला ठरलेला ट्रेक आणि सोबत कुत्रा, हे गणित मुळातच चुकीचं आहे. त्याच्यासाठी वेगळा बेत आखावा लागतो. तो आखायचा नसेल तर त्याला घरी ठेवावं. कारण साधं आहे. तुमचा मित्र दमला की ‘बास रे, मी इथेच थांबतो’ म्हणतो. कुत्रा म्हणत नाही. तुम्ही चालताय म्हणून तो चालत राहतो, कोसळेपर्यंत. ‘नाही’ म्हणायचं काम त्याच्या वतीनं तुम्हालाच करावं लागतं.

आधी ऊन. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला येत नाही. थोडाफार घाम पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ज्याला ताप म्हणतात तिथूनच त्याची सुरुवात. त्यात सह्याद्रीचा काळा कातळ उन्हात तव्यासारखा तापतो. म्हणून घरातून निघायच्या वेळेला नाही, उतरायच्या वेळेला महत्त्व द्या. नऊ-साडेनऊला खाली पोचता येत असेल तरच जा. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल तर ती जमीन त्याच्यासाठी नाही. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल अडखळली की ट्रेक संपला. सावली, पोटावर-मांड्यांवर साधं पाणी, वारा आणि लगेच डॉक्टर. बर्फाचं पाणी ओतू नका, बळजबरीनं पाजू नका.

प्रत्येक कुत्रा डोंगराचा नसतो, हेही मान्य करा. चपट्या नाकाच्या पगला घरच्या जिन्यातच धाप लागते. हस्कीची दाट लोकर बर्फासाठी आहे, भोरच्या उन्हासाठी नाही. वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात, त्याला मोठे चढ-उतार नकोत. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात, फक्त तो सांगत नाही.

आता जागा. इथं आपण सगळ्यात जास्त माती खातो. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा भाग अभयारण्यात येतो. वासोटा कोयनेच्या अभयारण्यात. भीमाशंकरचं जंगल अभयारण्य, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. अशा ठिकाणी पाळीव कुत्रा न्यायचा नसतो. ‘आमचा कुणाला चावत नाही हो’ हे उत्तर तिथं चालत नाही, कारण प्रश्न फक्त चावण्याचा नाहीच. कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना होतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा काही सिंहांमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा हाच तो आजार. आणि उलट बाजूही बघा: बिबट्याच्या लेखी कुत्रा म्हणजे सोपं भक्ष्य. संध्याकाळी उशिरा पट्टा सोडून कुत्र्याला झाडीत पळू देणं हा लाड नाही, बेफिकिरी आहे.

अभयारण्य नसलं तरी वाट कशी आहे ते आधी विचारा. लोखंडी शिड्या, हरिहरसारख्या उभ्या कोरीव पायऱ्या, दोर लावायचे टप्पे जिथे आहेत तिथं कुत्र्याला पाठीवर घेऊन चढणारे व्हिडिओ बघायला थरारक वाटतात. पण तुमचा पाय घसरला तर दोघं जाल. आणि गडावर गेलात तर टाकं जपा. ते पाणी वर राहणारे, मुक्कामाला आलेले लोक पितात. तुमच्या कुत्र्यानं त्यात मारलेली उडी कितीही गोड असली तरी ती दुसऱ्या कुणाच्या पिण्याच्या पाण्यात मारलेली असते. देवळाच्या उंबऱ्यापासून लांब राहा, घाण पिशवीत भरून खाली आणा. समोरून कुणी घाबरून थांबलं तर ‘काही करत नाही’ असं ओरडण्यापेक्षा पट्टा आखडून बाजूला व्हा. घाबरणाऱ्याचाही डोंगर आहे.

हंगामाचंही तेच. पावसाळ्यात वाटा निसरड्या, जळवा, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती. लोहगडावर तर रविवारी माणसांनाच पाय ठेवायला जागा नसते. पाऊस सरला की गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. आपल्या मोज्यात घुसली की आपण वैतागतो, त्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात घुसली तर जखम चिघळते. गवतात गोचीडही असतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. त्यामुळे थंडीतली लख्ख सकाळ सगळ्यात उत्तम, आणि घरी आल्यावर आंघोळीआधी बोटं, कान, काखा नीट तपासायच्या. रेबीज, डिस्टेंपर, लेप्टोची लस घेतलेली नसेल तर घराबाहेरच्या गप्पाच नकोत.

सॅकमध्ये त्याचं पाणी वेगळं. मी माझ्या पाण्याशिवाय दोन लिटर त्याच्यासाठी घेते, सोबत एक पसरट वाटी. खाऊ देताना मात्र सावध. ट्रेकच्या पिशवीत हमखास असणारे मनुके आणि चॉकलेट हे दोन्ही कुत्र्यासाठी विषारी आहेत. आपल्या डब्यातली कांदा घातलेली भाजीही नको.

आता अशा कुत्र्याबद्दल बोलू, जो तुमचा नाहीच. पायथ्याच्या गावातून एखादा काळू आपणहून मागे लागतो, वाट दाखवतो, फोटोत येतो. आपण त्याला बिस्किटं देतो, ‘आमचा गाइड’ म्हणून स्टोरी टाकतो. चढून त्याच वाटेनं उतरणार असाल तर ठीक. पण राजमाचीसारखा ट्रेक लोणावळ्याकडून चढून कोंदिवड्याकडे उतरायचा असेल तर? खाली तुम्ही टमटममध्ये बसता आणि तो धुरळ्यात मागे धावत राहतो. अनोळखी गाव, तिथली टोळी करून असलेली कुत्री, परतीची अख्खी वाट एकट्यानं. एका पुड्याच्या बदल्यात आपण त्याला घर सोडायला लावतो. एकेरी ट्रेक असेल तर निघतानाच खायला घालू नका, आणि मागे लागलाच तर गावातल्या कुणाला तरी सांगा, ‘दादा, ह्याला जरा हाक मारा.’ वर कौतुक करायचं असेल तर परत येणाऱ्या वाटेवर करा.

एवढं सगळं सांभाळायचं तर न्यायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझे मित्रही हेच म्हणाले. पण एक गोष्ट बघा. गड सर करायची हौस आपली आहे. टिप्याला माथा, बुरूज, सूर्योदय यातलं काहीही नको असतं. त्याला नवा वास हवा असतो आणि तुम्ही शेजारी हवे असता. वेताळ टेकडीवरचा पाऊण तास त्याच्यासाठी राजगडाइतकाच मोठा असतो. तुमच्या गावामागचा माळ, ओढ्याकाठची पायवाट, शहराबाहेरची एखादी साधी टेकडी, यातलं काहीही चालतं. कुत्रा नेता येतो का, ते दारावरच्या फलकावर वाचायचं किंवा वनरक्षकाला विचारायचं. बस्स.

आम्ही आता दर रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर असतो. टिप्या एका झुडपाला पाच-पाच मिनिटं हुंगत बसतो, मी थांबते. सुरुवातीला चिडचिड व्हायची. मग कळलं की या टेकडीवर कितीतरी वेळा येऊनही मोराची पिसं कुठं पडतात ते मला माहीत नव्हतं. तो मागे वळला की आम्ही मागे वळतो, टोक आलं असो वा नसो. रील्स फारशा होत नाहीत. गेल्या महिन्यात सिंहगडला मैत्रिणींबरोबर गेले, टिप्याला घरी ठेवून. मावशी तिथंच होत्या. ओळखलं त्यांनी. पहिला प्रश्न, ‘कुत्रं बरं हाय का?’

तेव्हा या गुरुवारी ग्रुपवर ‘कुत्र्याला आण’ असं कुणी लिहिलं तर बदाम टाकायच्या आधी तीनच गोष्टी विचारा. किती वाजता उतरणार? तिथं न्यायची परवानगी आहे का? आणि तो मध्येच बसला तर आपण सगळे परत फिरणार का? तिसऱ्या प्रश्नावर ग्रुप गप्प झाला, तर त्या रविवारी त्याला घरी झोपू द्या.