नव्या बंदुकीत आधी एकच काडतूस

माझा भाचा मिनेसोटात असतो. तिथे शरदात रानबदकांची शिकार चालते, रीतसर परवाने काढून. यंदा त्याने आयुष्यातली पहिली बंदूक घेतली, तीही थेट सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की बार होतो, रिकामे काडतूस आपोआप बाहेर उडते आणि नळीखालच्या मॅगझिनमधले पुढचे काडतूस वर चढून बसते. "मामा, दुनळीत दोनच बार, हिच्यात जास्त," हा त्याचा हिशेब. मला तो पटत नाही.

जास्त म्हणजे किती? अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसे मावली पाहिजेत, असा 1935 पासूनचा नियम. त्यासाठी मॅगझिनमध्ये एक दांडी घालून ठेवतात. म्हणजे दुनळीपेक्षा नफा एका बाराचा.

आपल्याकडे कुळागराच्या राखणीसाठी ज्यांच्या घरी दुनळी असायची त्यांना आठवेल. ती मोडून हातावर टाकली की भरलेली नाही हे दहा पावलांवरून चारचौघांना दिसायचे. (1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडची हौसेची शिकार संपली, ते बरेच झाले.) सेमी-ऑटोमॅटिक मात्र बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. मॅगझिन रिकामे केले म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि चेंबरमध्ये एक काडतूस तसेच असते. शिवाय एक बार झाला की ती स्वतःच दुसऱ्याला सज्ज होते. बदक पडल्याच्या आनंदात चिखलातून धावणाऱ्या नवशिक्याच्या हातात ही सज्ज बंदूक असते! सोबत्यांच्या जिवाचा प्रश्न आहे हा.

म्हणून माझे मत असे की पहिले काही महिने मातीच्या तबकड्यांवर सराव करावा आणि दर वेळी एकच काडतूस भरावे. बहुतेक मॉडेलांत मॅगझिन रिकामे असेल तर बारानंतर बोल्ट मागेच अडकून राहतो. चेंबर उघडे, सगळ्यांना दिसणारे. दुनळीची शिस्त अशी या यंत्रालाही लावता येते. रिकामी करताना नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मग चेंबर आणि मॅगझिन दोन्ही डोळ्यांनी बघून वर बोटानेही चाचपायचे.

भाच्याने पुस्तिका मला पाठवली होती. कारकुनाच्या सवयीने मी ती पहिल्या पानापासून वाचली, त्याने अर्थातच नाही. कारखान्यातून येताना लावलेले तेल पुसून काढायचे आणि पुन्हा अगदी थोडे लावायचे. तिथल्या थंडीत तेल घट्ट झाले की बोल्ट अडतो. सुरुवातीला जरा दमदार काडतुसे वापरायची, हलक्यांनी नवे यंत्र पुरते मागे सरत नाही. छर्रे कसे पसरतात ते 40 यार्डांवर कागद लावून बघायचे. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे तिथे 1991 पासून देशभर बंद आहेत, आणि पोलादी छर्रे वेगळे पसरतात, म्हणून हे कागदाचे काम टाळून चालत नाही.

सेमी-ऑटोमॅटिकच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीचा खांद्याला धक्का कमी बसतो, त्यामुळे नवशिका चाप ओढताना डोळे मिटत नाही. हा फायदा एका काडतुसातही मिळतो.