परवाना आणि पोट

निर्वासितास काम करण्याची मोकळीक दिली, कीं त्याचा प्रश्न सुटला, असा एक समज हल्लीं शहाण्यासुरत्या लोकांतही रूढ झाला आहे. त्या समजाशीं आमचें भांडण आहे; आणि त्यासाठीं जॉर्डनचें उदाहरण पुरेसें आहे.

सन २०११ पासून सीरियांतील यादवीमुळें लक्षावधि माणसें या लहानशा, पाण्यासही महाग असलेल्या देशांत आलीं. २०१६ च्या फेब्रुवारींत लंडन येथें ठरलें, कीं जॉर्डननें सुमारें दोन लक्ष सीरियनांस रोजगाराची वाट मोकळी करावी, आणि युरोपनें त्याच्या मालास सवलत द्यावी. सवलत मात्र ठराविक १८ औद्योगिक क्षेत्रांतील मालासच, आणि तीही कामगारांत प्रथम शेंकडा १५ सीरियन असतील तरच. कागदावर याहून नामी योजना कोणती?

परंतु परवाने मोजणारांनीं परवानेवाल्याची चूल पाहिली नाहीं. वैद्यकी, अध्यापन, इंजिनियरी हे धंदे परकीयांस बंदच राहिले. शेतमजुरी, बांधकाम, कारखाने असे ठराविकच धंदे खुले झाले. प्रारंभीं परवाना एकाच मालकाच्या नांवानें मिळे. मालक सोडला कीं परवाना गेला. अशा मजुरानें थकलेली मजुरी कोणत्या तोंडानें मागावी? शिलाईचे कारखाने वस्तीपासून दूर, वेतन तुटपुंजें. तेथें फारच थोडे सीरियन टिकले. पुढें शेती व बांधकाम यांत मालकाशीं न जखडलेले परवाने द्यावे लागले, यांतच मूळ योजनेची चूक कबूल झाली.

"कांहीं नसण्यापेक्षां हें बरें," असें कोणी म्हणेल. परवाना हवाच; बंदीनें काम थांबत नाहीं, तें चोरून व अधिक स्वस्तांत होतें. पण आठवड्यांत एक तास मजुरी करणारासही कामकरी गणणारें आंतरराष्ट्रीय माप भाकरीचें माप नव्हे. दिवसभर राबूनही ज्याचें घरभाडें भागत नाहीं, त्यास "रोजगार मिळालेला" म्हणणें ही त्याची थट्टा आहे.

निर्वासित आमची भाकरी पळवितात, असें स्थानिक गरीब म्हणतो. त्याचा राग खरा, रोख चुकीचा. नाडलेल्या मजुरामुळें दुसऱ्याची मजुरी पडते खरी, पण लाभ तिसऱ्याच्याच पदरीं पडतो. म्हणून देणगीदार राष्ट्रांनीं परवान्यांची संख्या विचारूं नये. मजुरी वेळेवर मिळते काय, मालक बदलतां येतो काय, आणि हेंच स्थानिक मजुरासही लाभतें काय, हें विचारावें. नुसत्या पत्रावळी मोजून पंगत जेवली असें होत नाहीं.