ठिगळाला नाव कोणी द्यायचे?

२००७ सालच्या मार्च महिन्यात, कॅनडातील कॅलगरी येथून चालणाऱ्या एका प्रकल्पाच्या दुरुस्तीपत्रकात एक शब्द बदलला गेला. एका दुरुस्तीच्या माथ्यावर आधी ‘विश्वासार्हतेसाठी’ असे लिहिले होते, तेथे ‘सुरक्षेसाठी’ असे करण्यात आले. चूक तीच होती, तिचे ठिकाणही तेच होते. बदलले होते ते फक्त तिचे वर्णन. मथळा व्हावा असे त्यात काहीच नव्हते. पण बँका, बंदरे, इस्पितळे ज्या संगणकांवर चालतात त्यांची राखण नेमकी कोण करतो आणि कशी करतो, हे समजून घ्यायचे असेल तर त्या एका शब्दापाशी थांबावे लागते.

प्रकल्पाचे नाव ओपनबीएसडी. संगणकाच्या पडद्यामागे राहून सगळा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. विंडोज ही त्यातली सर्वांच्या परिचयाची. ओपनबीएसडी मात्र कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. तिची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते, फुकट वापरता येते. तिचे जनक थिओ डी राट हे आधी नेटबीएसडी या प्रकल्पात होते. सहकाऱ्यांशी बिनसल्यामुळे डिसेंबर १९९४ मध्ये त्यांना तेथून बाहेर पडावे लागले आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी वेगळी चूल मांडली. माणूस फटकळ, भांडणे अनेक. पण १९९६ च्या उन्हाळ्यापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट अशी केली, जी तोवर कोणी इतक्या चिकाटीने केली नव्हती. सगळी आज्ञावली ओळ न् ओळ वाचायची, चूक सापडली की ती दुरुस्त करायची आणि तशाच जातीची चूक आणखी कुठे कुठे आहे ते शोधत सुटायचे. या वाचनातून जी शिस्त तयार झाली, तिचा लाभ ओपनबीएसडीचे नावही न ऐकलेल्या माणसांना झाला. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी आज जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर वापरली जाणारी ओपनएसएसएच ही आज्ञावली १९९९ मध्ये याच घरात जन्मली.

अशा आज्ञावलीत चूक सापडली की ती सुधारणारा जो छोटा तुकडा पाठवला जातो, त्याला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. पूर्वी आज्ञावल्या कागदी फितीवर भोके पाडून लिहिल्या जात, तेव्हा चुकीचे भोक बुजवायला खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत; शब्द तेथून आला. मराठीत ठिगळ म्हटले की दारिद्र्य आठवते. येथे उलटे आहे. ज्या आज्ञावलीला ठिगळे लागत नाहीत ती बिनचूक आहे असे समजू नये. तिच्याकडे कोणी बघत नाही, एवढेच खरे.

ओपनबीएसडीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात क्रमांक घातलेल्या दुरुस्त्या निघतात. प्रत्येकीवर तारीख असते, ती कोणत्या यंत्रांना लागू आहे ते असते, आणि तिचा प्रकार असतो. मुख्य प्रकार दोन: सुरक्षा आणि विश्वासार्हता. फरक वरवर स्वच्छ आहे. सोसायटीची लिफ्ट मध्येच बंद पडणे हा विश्वासार्हतेचा प्रश्न. जिन्याखालचे दार रात्रभर उघडे राहणे हा सुरक्षेचा. पहिल्यात गैरसोय होते, दुसऱ्यात चोर शिरतो.

२००७ साली हा स्वच्छ फरक कोलमडला. मूळच्या ब्युनॉस आयर्सच्या कोअर सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारीत ओपनबीएसडीला कळवले की, इंटरनेटच्या आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीचे काही खास रीतीने तुकडे केलेले संदेश पाठवले तर यंत्र कोसळते. संदेशाची प्रत करताना ती ज्या जागेत ठेवायची ती जागा पुरेशी आहे की नाही, हे नीट पाहिले जात नव्हते. ओपनबीएसडीच्या मंडळींनी काही दिवसांत चूक सुधारली. येथपर्यंत सगळे कौतुकास्पद. मात्र त्यांचे म्हणणे असे की, यंत्र बंद पडते, एवढेच. बंद पाडता येणे आणि ताबा घेता येणे यांत फरक आहे. म्हणून दुरुस्ती विश्वासार्हतेच्या रकान्यात गेली. कोअरच्या संशोधकांनी मग प्रत्यक्ष करून दाखवले की, त्याच चुकीतून यंत्राच्या गाभ्यात हवी ती आज्ञा चालवता येते. म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टच्या पोकळीतून चोर वर चढला होता. शब्द बदलला तो त्यानंतर.

त्याबरोबर आणखी एक मजकूर बदलावा लागला. ओपनबीएसडीचे ब्रीदवाक्य तिच्या पाहणीइतकेच प्रसिद्ध आहे. जशी मिळते तशीच बसवलेल्या ओपनबीएसडीत बाहेरून शिरता येईल असे भोक इतक्या वर्षांत एकही सापडले नाही, असे ते आधी सांगत असे. जून २००२ मध्ये खुद्द ओपनएसएसएचमध्येच भोक निघाले आणि ‘एकही नाही’चे ‘एकच’ झाले. २००७ मध्ये ‘एकच’चे ‘दोनच’ झाले. जो आकडा आपण अभिमानाने दारावर लावला आहे तो वाढवण्याची वेळ आली की, पुरावा जरा जास्तच मागावा असे कोणालाही वाटेल. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. पुरावा समोर येताच या मंडळींनी शब्द बदलला आणि आकडाही बदलला. मोठमोठ्या कंपन्या एवढेही करत नाहीत. पण ‘जशी मिळते तशीच’ ही अट किती सोयीची आहे, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्याच टपाल पाठवण्याच्या आज्ञावलीत असे भोक सापडले की, परक्याला यंत्राचे सर्वाधिकार मिळावेत. ते मे २०१८ पासून तेथे होते. आकडा मात्र दोनच राहिला. कारण मूळ मांडणीत ती आज्ञावली बाहेरचे टपाल घेत नाही. ज्याने ते घ्यायला सुरुवात केली, तो ब्रीदवाक्याच्या कक्षेबाहेर गेला.

आता दुसरी बाजू. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांना ही वर्गवारीच मुळात मान्य नाही. २००८ मध्ये त्यांनी ओपनबीएसडीवाल्यांना एक अशी उपमा दिली होती की ती या पुरवणीत छापता येणार नाही. उपमा सोडली तर मुद्दा विचार करण्यासारखा होता: साधी चूकही चूकच असते, सुरक्षेच्या चुकांना वेगळे सिंहासन कशाला? फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांनी हे तत्त्व शेवटापर्यंत नेले. चुकांना सीव्हीई नावाचा जो जागतिक क्रमांक दिला जातो, तो आपल्या चुकांपुरता देण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला आणि क्रमांकांची अक्षरशः खैरात सुरू केली. त्यांचा युक्तिवाद असा की, गाभ्यातली कोणतीही चूक कोणी तरी, कधी तरी, शस्त्र म्हणून वापरू शकेल. दुरुस्त करताना ते कळतेच असे नाही. मग निवड करणारे आम्ही कोण?

तर्क म्हणून हे बिनतोड आहे. २००७ चा प्रसंग त्याचा उत्तम दाखला ठरावा. पण त्याचा परिणाम काय झाला? पूर्वी ज्या यादीत आठवड्याला मोजके क्रमांक यायचे, तीत ते ढिगाने येऊ लागले. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, अशी सामान्य यंत्रचालकाची गत झाली. एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेचे संगणक सांभाळणाऱ्या तरुणाशी या विषयावर माझे बोलणे झाले. लिनक्सच्या ज्या आवृत्तीवर त्याचा सर्व्हर चालतो, तिच्या दुरुस्त्यांनाही सुरक्षा, चूक-दुरुस्ती आणि सुधारणा अशी लेबले असतात. तो फक्त सुरक्षेच्या तेवढ्या घेतो. बाकीच्यांचे काय, असे विचारले तर म्हणाला, ‘‘सर, त्या मार्चएंड झाल्यावर बघू. सर्व्हर बंद केला तर काउंटरवर आरडाओरड माझ्या नावाने होते.’’ मला त्याचे म्हणणे चूक वाटले नाही. दुरुस्ती बसवली की यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, कधी एखादी चालती गोष्ट मोडते, आणि मोडली तर जबाबदार तोच. दुरुस्ती न बसवल्यामुळे काही झाले तर मात्र दोष ‘हॅकर’चा. अशा हिशेबात माणूस काय निवडणार हे सांगायला नको. खुद्द ओपनबीएसडीतही २०१७ पर्यंत ठिगळ लावायचे म्हणजे मूळ मजकुरात बदल करून तो भाग पुन्हा बांधून घ्यावा लागे. त्या वर्षीच्या ६.१ आवृत्तीपासून एका आज्ञेत तयार तुकडा बसवण्याची सोय झाली. माझ्या दृष्टीने ही सोय एखादे भोक बुजवण्याइतकीच मोलाची होती.

ठिगळ तयार असणे आणि लावलेले असणे यांतील अंतर मुंबईकरांनी जवळून पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक ठप्प केले आणि न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले. ती यंत्रणा विंडोजची होती. नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरली त्यांतल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. शिवाय ती चोरलेल्या पासवर्डांनीही पसरत होती. त्यामुळे ज्याने ठिगळ लावले तोही, शेजाऱ्याने न लावल्यामुळे, सापडू शकत होता.

यात आणखी एक गुंता आहे. दुरुस्ती उघड्यावर केली जाते, तेव्हा ती चोरालाही वाचता येते. काय बदलले ते पाहिले की, भोक कुठे होते ते कळते. म्हणून मोठी चूक सापडली की संबंधितांना गुपचूप कळवून एक तारीख ठरवण्याची प्रथा आहे. २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधक माथी वानहूफ यांना वाय-फायच्या सुरक्षेत मूलभूत दोष आढळला. ओपनबीएसडीने त्यांच्या संमतीने ३० ऑगस्टलाच गाजावाजा न करता दुरुस्ती काढली. जगाला ते कळले १६ ऑक्टोबरला. वानहूफ यांनी नंतर लिहिले की, ती संमती देणे चुकले आणि यापुढे ओपनबीएसडीला उशिरा कळवले जाईल. जानेवारी २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांतील मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला, तेव्हा मोठ्या कंपन्या कित्येक महिने तयारीत होत्या आणि ओपनबीएसडीला कोणी काही कळवलेलेच नव्हते. लवकर ठिगळ लावतो म्हणून शिक्षा, असा हा प्रकार. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मला ओपनबीएसडीचे वागणे जास्त प्रामाणिक वाटते. पण बाकीच्यांचे वापरणारेही माणसेच आहेत, हेही खरे.

आणि मग असे एक काम येते की, ते कोणत्या रकान्यात टाकावे हेच कळू नये. जुलै २०२४ मध्ये क्वालिस या कंपनीने जाहीर केले की, ओपनएसएसएचमधले २००६ मध्ये बुजवलेले एक भोक ऑक्टोबर २०२० मधील एका फेरबदलात चुकून पुन्हा उघडले आहे. जगभरातील लिनक्स सर्व्हरांचे धाबे दणाणले. ओपनबीएसडीवर मात्र त्याचा काही परिणाम नव्हता. नोंदवहीत ओळ लिहिणारे एक साधे काम अडनिड्या क्षणी हाक आली तरी गडबडू नये, म्हणून २००१ मध्ये त्यांनी त्याचे वेगळे, अधिक सुरक्षित रूप करून ठेवले होते. २३ वर्षांपूर्वीचा तो नेटकेपणा सुरक्षा म्हणायचा की विश्वासार्हता?

हा प्रश्न आता पंडितांपुरता उरलेला नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. ज्या भोकाचा प्रत्यक्ष गैरवापर होत आहे त्याची सूचना २४ तासांत देण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासूनचे आहे. मुख्य तरतुदींची तारीख ११ डिसेंबर २०२७. सुरक्षेच्या दुरुस्त्या शक्य तेथे इतर सुधारणांपासून वेगळ्या काढून फुकट द्याव्या लागतील. मुख्य कर्तव्यांत कसूर झाल्यास दंड दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के, यांपैकी जास्त असेल तो. युरोपात संगणकीय भाग असलेला माल विकणाऱ्या बहुतेकांना हे लागू आहे, मग कारखाना चाकणला असो की सातपूरला. म्हणजे ‘सुरक्षा’ या शब्दावर प्रथमच एवढा पैसा टांगला जात आहे. जो शब्द लावायला पैसे पडतात, तो टाळण्याकडे कल वाढतो. विश्वासार्हतेचा रकाना फुगेल, अशी मला भीती वाटते.

कायद्याने फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांना वगळले आहे, हे शहाणपणाचे झाले. पण चूक वाचून तिला नाव देण्याचे काम त्यांच्याकडेच राहते आणि त्यांची स्थिती काय आहे? एप्रिल २००३ मध्ये डी राट यांनी इराक युद्धाविरुद्ध वृत्तपत्राकडे मत व्यक्त केले आणि त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडून येणारा निधी बंद झाला. जानेवारी २०१४ मध्ये सर्व्हरच्या वीजबिलासाठी २० हजार डॉलर कमी पडत आहेत, नाहीतर दिवे मालवावे लागतील, असे आवाहन ओपनबीएसडीला करावे लागले. पैसे जमले. ज्या कंपन्यांची सगळी यंत्रे ओपनएसएसएचने उघडतात, त्यांच्यापैकी कोणाच्याही चहापाण्याच्या खर्चात ते निघाले असते.

भारत सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परवान्याचा खर्च वाचतो, हा त्यातला मोठा आकर्षणाचा भाग. त्या वाचलेल्या रकमेतला काही हिस्सा दोन ठिकाणी गेला पाहिजे असे मला वाटते. एक, मूळ लिखाण वाचणाऱ्यांकडे, वार्षिक देणगी म्हणून, देखभालीच्या करारातच तसे कलम घालून. दुसरा, पतसंस्थेतल्या त्या तरुणासाठी एक जादा सर्व्हर घ्यायला, म्हणजे एक बंद करून ठिगळ लावताना काउंटर दुसऱ्यावर चालू राहील आणि लेबल न वाचताच त्याला सगळ्या दुरुस्त्या घेता येतील.