शेवटच्या आकड्याच्या आधी

रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस आनंदाचा असतो, तसाच घाईचाही. औषधांची पिशवी, रिक्षा, नातेवाइकांचे फोन या गडबडीत बिलाच्या पानांवरून फिरणारी नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबते.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक बाई मुलाची फाइल घेऊन आल्या. डेंग्यूसाठी तो पाच दिवस एका रुग्णालयात होता. उपचार चोख झाले होते, मुलगा खडखडीत बरा झाला होता. "डॉक्टर, पाटल्या गहाण ठेवून पैसे भरले. तक्रार नाही, पण पैसे कशाकशाचे गेले, ते समजावून सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे होते. बिलात तीनच ओळी होत्या : खोली, तपासण्या, औषधे व इतर. मी काय समजावून सांगणार? तपशीलवार बिल मागून आणा, असे सुचवले.

ते मिळाल्यावर आम्ही शेजारी बसून फाइल चाळली. प्लेटलेटची तपासणी सात वेळा आकारलेली होती, अहवाल मात्र पाचच होते. न वापरता परत केलेल्या सलाइनच्या बाटल्याही वजा झाल्या नव्हत्या. बाईंनी हे दाखवून देताच रुग्णालयाने चूक मान्य केली आणि पैसे परत केले. यामागे लबाडी होती, असे मी म्हणणार नाही. परंतु तीन ओळींच्या बिलात ही चूक कोणालाच दिसली नसती, रुग्णालयालाही नाही.

तपशीलवार बिल मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पैसे भरताना असे बिल मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. म्हणून संकोच न करता ते मागावे आणि शांतपणे वाचावे.

प्रथम दिवस मोजा. खोलीभाड्याचा दिवस किती वाजता सुरू होतो, हे दाखल होतानाच विचारून ठेवा. डॉक्टरांच्या भेटी एखाद्या वहीत तारखेसह टिपा. प्रत्येक तपासणीसमोर तिचा अहवाल आहे ना, ते पाहा. औषधांच्या पावत्यांवर नाव, बॅच क्रमांक आणि किंमत हवी. परत केलेल्या औषधांची नोंद वेगळी हवी. शस्त्रक्रियेचे 'पॅकेज' ठरले असेल, तर त्यात काय धरले आहे हे आधीच लेखी घ्या, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा वेगळी आकारली गेल्यास लक्षात येईल. हृदयात स्टेंट बसवला असेल, तर त्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे असायला हवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, तेव्हाच तसा आदेश निघाला. विम्याचा दावा करतानाही हाच तपशील उपयोगी पडतो.

शंका आली, तर परिचारिकेशी वाद घालू नका. दर तिच्या हातात नसतात. बिलाच्या खिडकीवर, शक्यतो लेखी, विचारा. आणि तातडीच्या प्रसंगी आधी उपचार, हिशेब नंतर, हा क्रम कधीही बदलू नका.

त्या दिवशी निघताना बाईंनी विचारले, "तुमचे किती झाले?" सवयीने मी चिठ्ठीवर एकच आकडा लिहून दिला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि मंद हसल्या. गेली अनेक वर्षे मीही तेच करत आलो होतो.

आता माझ्या दवाखान्यातील पावतीवर तपासणी, इंजेक्शन, मलमपट्टी आणि औषधे यांच्या वेगवेगळ्या ओळी असतात. लिहायला एखादे मिनिट अधिक लागते. त्या पावतीवर रुग्ण प्रश्न विचारतात, आणि मला उत्तर देता येते.