‘नको’ऐवजी ‘कसे’ सांगा

मे २०१६मध्ये निक टॅलबट हे ब्रिटिश गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. आदल्या वर्षी, २५ एप्रिलला नेपाळमध्ये भूकंप झाला आणि बेस कॅम्पवर हिमकडा कोसळला, तेव्हा ते तिथेच होते. त्या वेळी त्यांना जखमी होऊन परतावे लागले होते. टॅलबट यांना सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. हा आजार असताना एव्हरेस्ट सर करणारी ती पहिली व्यक्ती ठरली.

अशा बातमीला ‘आजारावर मात’ हा मथळा ठरलेला असतो. तो दिशाभूल करणारा आहे. टॅलबट शिखरावरून उतरले तेव्हा आजारही त्यांच्याबरोबरच खाली आला. या घटनेतून शिकायचे ते वेगळेच आहे.

सिस्टिक फायब्रोसिसचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. ते १९८९मध्ये सापडले. या जनुकाच्या सूचनेनुसार पेशींच्या आवरणात क्लोराइडची ये-जा करणारे एक दार तयार होते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर हे दार नीट उघडत नाही. मग फुप्फुसातला स्राव घट्ट व चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात, खाल्लेले स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि मूल वजन धरत नाही. घामातले मीठही शरीरात परत शोषले जात नाही. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने गळून रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुले लक्षणीय होती. डॉ. पॉल दि सांत अन्येझे यांनी त्याचा माग काढला. घामातल्या मिठाची तपासणी पुढे या आजाराच्या निदानाचा पाया बनली.

अशा मुलाला धावू द्यायचे का? घरचे उत्तर बहुधा ‘नको’ असते. शाळेत पीटीच्या तासाला सूट मिळते, सहलीला नाव दिले जात नाही. ही भीती मायेपोटी असते, पण तिची किंमत फुप्फुसे मोजतात. धावताना, पोहताना श्वास खोल होतो, छाती हलते आणि चिकटलेला कफ सुटायला मदत होते. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात व्यायामक्षमता सर्वांत चांगली असलेल्या रुग्णांपैकी ८३ टक्के आठ वर्षांनंतर हयात होते. सर्वांत कमी क्षमतेच्या गटात हे प्रमाण २८ टक्के होते. तंदुरुस्त रुग्णांचा आजार मुळात सौम्य असू शकतो, हे संशोधकांनीही मान्य केले होते. तरीही व्यायाम हा आज या आजाराच्या उपचारांचाच भाग मानला जातो.

याचा अर्थ कुणीही उठून हिमालयात जावे असा नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. आधीच अधू असलेल्या फुप्फुसांना त्याहून कितीतरी कमी उंचीही जड जाऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी फुप्फुसांची क्षमता मोजावी लागते. रोजची कफ काढण्याची फिजिओथेरपी तंबूतही चुकवता येत नाही. नेब्युलायझरला वीज कुठून मिळणार, जेवणाबरोबरच्या पाचक कॅप्सूल किती लागतील, तब्येत बिघडली तर माघारी कुठून फिरायचे, हे सारे आधी ठरवावे लागते. अशा मोहिमेतले धाडस शिखरावर दिसते. त्यामागची शिस्त कुणाला दिसत नाही.

आपल्याकडे धोक्याचे स्वरूप वेगळे आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. इथे उंचीपेक्षा घामाची चिंता जास्त. दमट हवेत गड चढताना या रुग्णांचे मीठ झपाट्याने जाते आणि घामच खारट असल्याने तहान पुरेशी लागत नाही. तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळाने मीठयुक्त पाणी किंवा ओआरएस घेणे, मे महिन्याच्या दुपारी चढाई टाळणे, एवढी काळजी प्राण वाचवू शकते.

मात्र त्याआधीचा प्रश्न निदानाचा आहे. हा आजार भारतात नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. वारंवार न्यूमोनिया, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौच, न वाढणारे वजन आणि पापा घेतल्यावर जाणवणारी खारट चव असे चित्र असलेल्या मुलावर कधी क्षयाचे, कधी दम्याचे उपचार होत राहतात. घामाची तपासणी मोजक्या केंद्रांतच होते. २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले तीन औषधांचे मिश्रण अनेकांचे आयुष्य पालटते आहे, पण त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे आणि ते प्रत्येक जनुकदोषावर चालतही नाही. घामाची तपासणी मात्र तुलनेने साधी आहे. ती प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात व्हायला हवी.

निदान झालेल्या मुलाने एव्हरेस्ट चढावे, अशी अपेक्षा कुणीच करू नये. त्याने शाळेच्या मैदानात धावावे, मित्रांबरोबर गडावर जावे, ही अपेक्षा रास्त आहे. ‘जाऊ का?’ असे त्याने विचारले, तर डॉक्टरांनी तपासणी करून ‘कसे जायचे’ ते सांगावे. तपासणीअंती ‘आत्ता नको’ म्हणावे लागलेच, तर त्याचे कारणही सांगावे. न तपासता दिलेला नकार हा वैद्यकीय सल्ला नव्हे.