दरनियंत्रण हेही साथनियंत्रणच

कोरोनाच्या साथीत मुंबईत दोन वाद समांतर सुरू होते. एक होता रुग्णालयांच्या अवाजवी बिलांचा आणि दुसरा संसर्ग नेमका कोणामुळे पसरतो याचा. पहिल्या वादात रुग्णांचे नातेवाईक, खासगी रुग्णालये, विमा कंपन्या आणि न्यायालये होती. दुसऱ्यात झोपडपट्ट्या, गृहनिर्माण संस्था आणि महापालिका. शासनाचे आदेशही या दोन विषयांवर वेगवेगळे निघाले. प्रत्यक्षात हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. चाचणीला आणि खाटेला किती पैसे पडणार, यावर रुग्ण कधी घराबाहेर पडणार हे ठरत होते. आणि तो जितका उशिरा बाहेर पडेल तितका संसर्ग घरात, चाळीत आणि लोकलच्या डब्यात पसरत होता. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या उपनगरांचा अनुभव हेच सांगतो.

उपनगरांची अडचण साथीच्या आधीपासूनची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख, तर उपनगर जिल्ह्यात सुमारे ९३ लाख ५७ हजार लोक राहत होते. म्हणजे चारांपैकी तीन मुंबईकर माहीमच्या खाडीपलीकडचे. सार्वजनिक आरोग्यसेवेचा भार मात्र उलट्या दिशेला झुकलेला. केईएम, नायर, शीव, जे. जे. आणि संसर्गजन्य रोगांसाठीचे कस्तुरबा ही सारी मोठी रुग्णालये बेट शहरात आहेत. उपनगरांच्या वाट्याला कूपर, राजावाडी, कांदिवलीचे शताब्दी, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर अशी मोजकी पालिका रुग्णालये आली. बोरिवलीचे भगवती आणि मुलुंडचे एम. टी. अगरवाल या दोन रुग्णालयांची पुनर्बांधणी तर साथ आली तेव्हा अपूर्णच होती. ही पोकळी खासगी रुग्णालयांनी आणि गल्लोगल्लीच्या नर्सिंग होम्सनी भरून काढली होती. साहजिकच, साथीच्या काळात उपनगरातील रुग्णाला पहिला प्रश्न पडला तो पैशांचा.

याची पूर्वसूचना २००९ मध्ये मिळाली होती. स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला आणि मुंबईत कस्तुरबा रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. तपासणी मोफत होती, टॅमिफ्लूच्या गोळ्याही सरकारी यंत्रणेकडूनच मिळत होत्या. परंतु बोरिवली किंवा मुलुंडच्या तापाच्या रुग्णाला त्यासाठी लोकलने सातरस्त्यापर्यंत यावे लागणे हे संसर्गाला वाट करून देणेच होते. सेवा मोफत असून भागत नाही, ती जवळही असावी लागते, हा त्या साथीचा धडा होता. पुढच्या अकरा वर्षांत तो फारसा कोणी गिरवला नाही.

मुंबईत कोरोनाचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. त्याच महिन्यात केंद्राने खासगी प्रयोगशाळांतील आरटी-पीसीआर चाचणीसाठी ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. ही चाचणी सर्वांना मोफत द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलच्या सुरुवातीला म्हटले; पण काही दिवसांतच मोफत चाचणीचा लाभ आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांपुरता मर्यादित करण्यात आला. चौघांच्या कुटुंबात एक जण बाधित निघाला, तर उरलेल्या तिघांच्या चाचणीचा खर्च १३,५०० रुपये होत होता. टाळेबंदीत ज्यांची मिळकत थांबली होती, अशा रिक्षाचालकाने किंवा दुकानातील नोकराने तो कोठून करावा? तेव्हा लक्षणे अंगावर काढणे हा बेफिकिरीचा नव्हे, तर हिशेबाचा भाग होता.

राज्य शासनाने जून २०२० मध्ये हा दर २,२०० रुपयांवर आणला. सप्टेंबरमध्ये तो १,२०० पर्यंत, ऑक्टोबरमध्ये ९८० आणि डिसेंबरमध्ये ७०० रुपयांपर्यंत उतरला. मार्च २०२१ अखेरीस तो ५०० रुपये झाला. जुलै २०२० मध्ये पालिकेने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही चाचणी करण्याची मुभा दिली. जे काम दोन वर्षांपूर्वी सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते, ते डिसेंबर २०२१ मध्ये ३५० रुपयांत होऊ लागले. संच आणि रसायने स्वस्त झाली हे त्याचे एक कारण खरे. परंतु शासनाने प्रत्येक टप्प्यावर दर उतरवले नसते, तर हा लाभ रुग्णापर्यंत पोहोचलाच असता, असे मानायला आधार नाही. एन-९५ मास्कच्या बाबतीत तेच झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने त्याची किंमत १९ ते ४९ रुपयांच्या दरम्यान बांधली, तोवर तो कितीतरी चढ्या भावाने विकला जात होता.

खाटांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रित दराखाली आणल्या. सर्वसाधारण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये, असे हे दर होते. कागदावर हिशेब सरळ होता: दहा दिवस व्हेंटिलेटरवर काढलेल्या रुग्णाचे बिल ९० हजार रुपये. पण पीपीई किट, महागडी औषधे आणि काही तपासण्या या दरांतून वगळलेल्या होत्या. बिलाची सूज नेमकी तेथेच आली. एकच किट घालून परिचारिका दहा रुग्णांकडे जात असेल आणि दहाही बिलांवर त्या किटचे पैसे लागत असतील, तर मूळ दर बांधून उपयोग काय, असा सवाल नातेवाईक करत होते. शिवाय २० टक्के खाटांवर नियंत्रण नव्हतेच. आपला रुग्ण ८० टक्क्यांत आहे की २० टक्क्यांत, हे दाखल करताना त्याच्या घरच्यांना क्वचितच कळत होते. शासनाला लेखापरीक्षक नेमावे लागले आणि पालिकेने खासगी रुग्णालयांवर सनदी अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली, यावरूनच तक्रारींचे स्वरूप लक्षात येते.

रुग्णालयांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. नियोजित शस्त्रक्रिया थांबल्याने त्यांचे नेहमीचे उत्पन्न बुडाले होते, कर्मचारी कामावर यायला तयार नव्हते आणि जे येत होते त्यांना जादा मोबदला द्यावा लागत होता. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने सप्टेंबर २०२० मध्ये दरनिश्चितीला उघड विरोध केला, तो याच मुद्द्यांवर. घाटकोपरमधील वीस खाटांचे नर्सिंग होम आणि अंधेरीतील पंचतारांकित रुग्णालय यांना एकच दर लावणे हे अन्यायकारक होते, यात शंका नाही. जून २०२१ मध्ये शासनाने दरांची फेररचना केली, ती शहरांच्या वर्गवारीनुसार. लहान शहरांतील दर उतरले. परंतु एकाच शहरातील लहान आणि मोठ्या रुग्णालयांतील फरक त्यात पुरेसा उमटला नाही. खर्चाचा पद्धतशीर अभ्यास आधीपासून हाताशी नसला, की दर आणीबाणीत अंदाजाने ठरतात आणि मग दोन्ही बाजू असमाधानी राहतात.

दुसरा वाद, संसर्ग कोणामुळे पसरतो याचा, पहिल्या लाटेत झोपड्यांकडे बोट दाखवून सुरू झाला. घरकामाला येणाऱ्या स्त्रियांना सोसायट्यांनी दार बंद केले. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन विभागांत केलेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. त्याआधीच, जून २०२० मध्ये, रुग्णवाढ मुलुंड, भांडुप, बोरिवली, दहिसरकडे सरकली होती आणि पालिकेला तेथे फिरत्या ताप-दवाखान्यांसह विशेष मोहीम हाती घ्यावी लागली होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत चित्र पालटले. मार्च महिन्यात पालिकेच्या सांगण्यानुसार नव्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के इमारतींतील होते. ४ एप्रिल २०२१ रोजी शहरात एका दिवसात ११ हजारांवर रुग्ण नोंदले गेले.

या दुसऱ्या लाटेत पैशाने वेगळ्या तऱ्हेने घात केला. ज्यांच्याकडे विमा होता, ते लक्षणे नसतानाही खासगी रुग्णालयात दाखल होऊ लागले; घरी विलगीकरणात राहिले तर खर्च खिशातून जातो, रुग्णालयात राहिले तर तो विमा कंपनी भरते, हे त्यामागचे साधे गणित. परिणामी ज्याला प्राणवायूची खरी गरज होती, तो अंधेरीपासून मुलुंडपर्यंत फोन फिरवत बसला. अखेर एप्रिल २०२१ मध्ये लक्षणे नसलेल्यांना खाट देऊ नये आणि खासगी खाटांचे वाटपही विभागीय वॉर रूममार्फतच व्हावे, असा आदेश पालिकेला काढावा लागला. सौम्य रुग्णांना हलवण्यासाठी हॉटेलेही वापरात आणली गेली. थोडक्यात, बिलाच्या भीतीने एक वर्ग रुग्णालयापासून दूर राहिला आणि विम्याच्या भरवशावर दुसरा तेथे जाऊन बसला. दोन्ही टोकांना खाट गरजेप्रमाणे नव्हे, पैशांप्रमाणे मिळत होती.

ज्या उपायांनी खरा फरक पडला, ते सार्वजनिक होते. मरोळचे सेव्हन हिल्स हे याचे बोलके उदाहरण. पालिकेच्या भूखंडावर, २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्याच्या अटीवर उभे राहिलेले हे खासगी रुग्णालय वाद आणि थकबाकीत अडकून २०१८ मध्ये बंद पडले होते. मार्च २०२० मध्ये पालिकेने ते ताब्यात घेतले आणि ते पश्चिम उपनगरांतील कोविड उपचारांचे मुख्य केंद्र बनले. गोरेगावच्या नेस्को मैदानावर, मुलुंड आणि दहिसर येथे जम्बो केंद्रे उभी राहिली; तेथे उपचारांचे बिल नव्हते. या केंद्रांच्या कंत्राटांची पुढे चौकशी झाली आणि त्यातील गैरव्यवहारांचे आरोप गंभीर आहेत. परंतु मोफत खाट घराजवळ असली की रुग्ण वेळेवर येतो, हे त्यांनी दाखवून दिले. ती केंद्रे आता उरलेली नाहीत. तंबू गुंडाळले गेले, पण त्यांची गरज ज्या कारणाने पडली ते कारण तसेच आहे.

कायद्याच्या बाजूनेही हाती फारसे लागलेले नाही. दरनिश्चितीचा डोलारा मुख्यतः १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांवर उभा होता. कोरोना नसलेल्या रुग्णांचे दर शासन या मार्गाने ठरवू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे साथ संपली की नियंत्रणही संपणार, हे ठरलेलेच होते. जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणी नियमांत सुधारणा करून दरपत्रक लावणे आणि रुग्णहक्कांची सनद पाळणे बंधनकारक करण्यात आले. नियम चांगला आहे. परंतु दरपत्रक लावणे आणि दर वाजवी असणे यांत अंतर आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राला प्रमाणित दर ठरवण्याविषयी खडसावले, यावरून हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही हे दिसते.

शासनाने पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवली, मुंबईत संध्याकाळीही उघडे राहणारे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले. ही पावले योग्य दिशेची आहेत. तरी पुढच्या साथीत उपनगरातील ताप आलेला माणूस घराबाहेर पडेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरेल: रुग्णालयाच्या आकारानुसार, खर्चाच्या अभ्यासावर आधारलेले दर आधीच ठरलेले आहेत का, पीपीईसारख्या बाबी त्या दरांत धरलेल्या आहेत का, आणि घरापासून अर्ध्या तासाच्या आत सार्वजनिक खाट आहे का. साथ आल्यावर काढलेली अधिसूचना बिल कमी करू शकते. तोवर अंगावर काढलेल्या तापाने पसरलेला संसर्ग ती मागे घेऊ शकत नाही.