भांडारकर रोड, मुळशी आणि नऊ खोकी

भांडारकर रोड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कॉफी, पार्किंगची बोंब आणि... बस्स. मीही कॉलेजात असताना तिथे पडीक असायचो, पण हे भांडारकर कोण ते कधी विचारलं नाही. ती वेळ आली आजोबांच्या पुस्तकांमुळे.

आजोबा गेल्यावर त्यांच्या पुस्तकांची नऊ खोकी माझ्या हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये आली. एका वाचनालयाला फोन केला, तर उत्तर मिळालं, "जागा नाही हो. आणि यादी आहे का?" यादी! डोकंच फिरलं. पण मग रामकृष्ण गोपाळ भांडारकरांबद्दल वाचत बसलो आणि राग उतरला.

जन्म १८३७ चा, मालवणचा. पेशा संस्कृतच्या प्राध्यापकाचा. म्हणजे पगारदार माणूस, तुमच्याआमच्यासारखा, कुणी शेठ-सावकार नव्हे. मुंबई सरकारने जुन्या हस्तलिखितांचा शोध चालवला होता, त्या कामात १८७९ पासून भांडारकर होते. पोथ्या मिळवायच्या, आणि मिळवून थांबायचं नाही. कुठली पोथी, कुणाची, कधीची, तिच्यात नवं काय, याचे रिपोर्ट छापायचे. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण या रिपोर्टांत आहे. जमवणारे पुष्कळ असतात (आजोबाही होतेच!), नीट नोंद करणारा एखादाच.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ ला, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था पुण्यात सुरू झाली. स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी तिलाच दिला. १९१८ साली सरकारी हस्तलिखितंही डेक्कन कॉलेजातून तिथे आली. पुढे या संस्थेने महाभारताची १२५९ हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती केली, ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर १२५९ फाइलींचा डिफ, तोही हाताने!

आता मुळशी. संस्थेच्या इमारतीसाठी टाटांनी पैसे दिले. जवळपास त्याच सुमारास मुंबईला वीज द्यायला टाटांच्याच कंपनीने मुळशीत धरण बांधायला घेतलं. १९२१ च्या रामनवमीला तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा चालला. शेवटी हरले. इकडे पोथ्यांना छप्पर मिळालं, तिकडे माणसांची घरं पाण्यात गेली. म्हणून ती देणगी वाईट ठरते असं मी म्हणणार नाही. पण संस्थेच्या टाटा हॉलचं कौतुक करताना मुळशीचं नावही काढू नये, हे काही पटत नाही.

आणि बोट दाखवणारा मी कोण? हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, हे आयटीतल्या किती जणांना ठाऊक असतं? आमच्या टॉवरखालीही कधीतरी कुणाचं शेत होतं. सोसायटीत जिम आहे, स्विमिंग पूल आहे, पुस्तकाचं एक कपाट नाही. क्लबहाऊसमधली एक खोली वाचनालयाला द्या, आणि ती गावातल्या पोरांनाही उघडी ठेवा, असं मी मीटिंगमध्ये सुचवलं. पहिल्या वाक्याला लोक हसले. दुसऱ्याला "सिक्युरिटीचं काय?"

पगारदार माणसाला एवढंही जमू नये? असो. पुढच्या मीटिंगला विषय परत काढणार आहे. तोवर शनिवारी एक्सेल उघडून यादी सुरू केलीय. दुसरं खोकं चालू आहे. आजोबांनी समासात पेन्सिलीने भांडणं केलीत लेखकांशी, त्यामुळे वेग जरा कमीच आहे.